लग्नाची परवानगी

गडचिरोलीत माओवाद्यांनी शस्त्रं खाली ठेवली की पोलिसांचं प्रसिद्धिपत्रक निघतं. नाव, वय, गाव, दलममधलं (माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीतलं) पद, कोणकोणत्या चकमकींत सहभाग होता, सरकारनं डोक्यावर किती बक्षीस लावलं होतं, आणि शेवटी पुनर्वसनासाठी मिळणारी रक्कम. नवरा-बायको बरोबर आले असतील तर हिशेबात आणखी एक ओळ येते: पती-पत्नीनं एकत्र आत्मसमर्पण केल्याबद्दल अतिरिक्त दीड लाख रुपये.

या पैशाला माझा विरोध नाही. हातात काही नसताना पस्तिशी-चाळिशीत संसार मांडायचा, तर दीड लाख लागतातच. पण ही ओळ वाचली की दरवेळी मनात येतं, या दोघांचं लग्न झालं तरी कधी आणि कुठं? कुणाच्या परवानगीनं? त्या परवानगीसाठी त्यांनी काय दिलं? कारण दंडकारण्यातल्या दलममध्ये लग्नाची परवानगी फुकट मिळत नव्हती. बहुतेक पुरुषांना तिच्यासाठी आधी नसबंदी करून घ्यावी लागत होती.

जंगलातून परत आलेल्यांनी ही पद्धत इतक्यांदा आणि इतकी सारखी सांगितली आहे, की तिच्याबद्दल आता वाद उरलेला नाही. दोघांचं मन जुळलं की कमांडरला सांगायचं. कमांडर वरच्या समितीला कळवणार. दोघांचं वागणं, काम, पार्टीवरची म्हणजे माओवादी पक्षावरची निष्ठा पाहून निर्णय होणार. होकार आला की मुलाची नसबंदी, कधी जंगलातच पार्टीच्या डॉक्टराकडून, कधी शहरात नेऊन. मग लग्न. मंत्र नाहीत, हुंडा नाही, जेवणावळ नाही; साथीदारांसमोर शपथ आणि घोषणा. लग्नानंतरही दोघं एकाच दलममध्ये राहतील याची खात्री नाही. एक भामरागडकडे, दुसरी छत्तीसगडच्या हद्दीत, आणि भेट पार्टी ठरवील तेव्हा.

यामागचं कारण सरळ होतं. रोज मुक्काम हलवणाऱ्या, रात्री आवाज न करता चालणाऱ्या तुकडीत तान्हं मूल म्हणजे सगळ्यांच्या जिवाला धोका. मूल झालं की बाई गावाकडे परतणार, तिच्यामागून नवरा जाणार, आणि दोन बंदुका कमी होणार. लढणाऱ्या संघटनेच्या बाजूनं पाहिलं तर हिशेब चुकीचा नाही. पण विशीतला एक माडिया आदिवासी मुलगा, ज्यानं गावच्या पलीकडचं जग दलमबरोबरच पाहिलं, ज्याचं जेवण, झोप, जगणं-मरणं कमांडरच्या शब्दावर आहे, त्याला ‘तुला ही मुलगी हवी असेल तर आधी शस्त्रक्रिया कर’ असं सांगितल्यावर तो जे ‘हो’ म्हणतो, त्याला संमती म्हणायला माझं मन तयार नाही. आणि तिचं काय? शस्त्रक्रिया त्याच्या शरीरावर झाली, पण तिच्या मातृत्वाचा निर्णयही त्याच दिवशी होऊन गेला. तिला कुणी वेगळं विचारल्याचं ऐकिवात नाही.

गोष्ट एवढीच असती तर सोपं होतं. पार्टीनं जुलूम केला, सरकारनं सोडवलं, गोड शेवट. वर्तमानपत्रांतल्या बातम्या बऱ्याचदा अशाच लिहिल्या जातात. पण जंगलातल्या या नात्यांना दुसरी बाजू होती, आणि ती लपवून पुनर्वसनाबद्दल बोलता येणार नाही.

दलममध्ये गेलेल्या कित्येक मुली घरून ठरवलेलं लग्न नको म्हणून गेल्या. गोंड समाजात मामा-आत्याच्या मुलांची लग्नं ही जुनी रीत. एका पिढीत गेलेली लेक पुढच्या पिढीत सून म्हणून परत यावी, हा तिचा आधार. याच समाजात गोटूल होतं, तरुण मुला-मुलींना एकमेकांना ओळखायची जागा होती, विधवेनं पुन्हा संसार मांडणं पाप नव्हतं. आमच्या पांढरपेशा घरांपेक्षा मुलीला तिथं कितीतरी मोकळीक. तरीही नको असलेल्या नात्यात ढकललेल्या मुली होत्याच. माओवाद्यांच्या क्रांतिकारी आदिवासी महिला संघटनेनं जबरदस्तीच्या लग्नांविरुद्ध मोहीम चालवली, तेव्हा तिला गावोगाव मुली मिळाल्या त्या उगीच नाहीत. ज्या मुलीचं लग्न कुणीतरी ठरवणार होतं, ती दलममध्ये गेली, खांद्यावर बंदूक आली, स्वयंपाकाची पाळी पुरुषांनाही आली, आणि तिथं तिनं आपल्या मनानं माणूस निवडला. त्या निवडीवर पार्टीचा शिक्का बसला, त्या निवडीची जबर किंमत वसूल झाली, हे खरंच. पण निवड तिची होती. परत आल्यावर तिला ‘फसवलेली मुलगी’ म्हणून वागवणं म्हणजे तिच्या आयुष्यातला कदाचित पहिला स्वतःचा निर्णय पुसून टाकणं आहे.

लढ्यातल्या लग्नांची महाराष्ट्राला नवलाई नाही. साताऱ्याच्या प्रतिसरकारनं १९४३ ते १९४६ या काळात गावोगाव गांधी विवाह लावले. हुंडा नाही, वाजंत्री नाही, भटजी नाही, थोडक्या पैशांत लग्न. भूमिगत कार्यकर्त्यांनी स्वतःही तशीच लग्नं केली आणि कुंडल-वाळव्याच्या भागात आजही त्यांच्या आठवणी अभिमानानं निघतात. आझाद हिंद सेनेच्या राणी झाशी पलटणीच्या कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन आणि लाल किल्ल्यातल्या खटल्यातले प्रेमकुमार सहगल यांनी मार्च १९४७ मध्ये लाहोरला लग्न केलं; ते आपण इतिहासातलं एक सुंदर पान म्हणून वाचतो. मी गडचिरोलीच्या दलमला प्रतिसरकारच्या पंक्तीला बसवत नाही. एक परकीय सत्तेविरुद्ध होतं, दुसऱ्यानं स्वतंत्र देशात खबरी ठरवून गरीब आदिवासींचेच गळे चिरले. मला वेगळंच म्हणायचं आहे. आपण जिंकलेल्यांच्या प्रेमाला प्रेम म्हणतो. हरलेल्यांच्या प्रेमाला ‘संबंध’ म्हणतो, किंवा ‘शोषण’, किंवा काहीच म्हणत नाही.

हरलेल्यांतही वर्ग असतो. नागपूर विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणाऱ्या, मुंबईत वाढलेल्या माओवादी नेत्या अनुराधा गांधी आणि त्यांचे पती कोबाड गांधी यांच्या सहजीवनावर बरंच लिहिलं गेलं. १२ एप्रिल २००८ रोजी मेंदूच्या मलेरियानं अनुराधा गेल्या, तेव्हा त्यांच्या विचारांशी अजिबात न जुळणाऱ्यांनीही हळहळून लिहिलं. ते योग्यच होतं. पण त्याच जंगलात त्याच मलेरियानं गेलेल्या एटापल्लीच्या मुलीचा जोडीदार कोण होता, त्यांनी एकमेकांना काय वचन दिलं होतं, तो नंतर कुठं गेला, हे कुणी विचारलं नाही. नाव घ्यायला तिचं खरं नावही बहुतेकांना माहीत नव्हतं.

जगात हे आधी कुठं कुठं घडून गेलं आहे ते पाहिलं, तर आपल्यासमोर काय वाढून ठेवलं आहे याचा अंदाज येतो.

श्रीलंकेत एलटीटीईनं, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेनं, सुरुवातीला प्रेम आणि लग्न दोन्हींवर बंदी घातली होती. संघटनेचे एक प्रमुख नेते उमा महेश्वरन यांच्यावर स्त्री-सहकाऱ्याशी संबंध असल्याचा ठपका आला आणि त्यातून संघटना फुटली. पुढं १९८४ मध्ये संघटनेचा खुद्द सर्वोच्च नेता प्रभाकरननं मदिवदनीशी लग्न केलं, आणि मग नियम सैल झाले. पुढाऱ्याला प्रेम झालं तेव्हा बंदी चुकीची होती हे लक्षात आलं! २००९ मध्ये युद्ध संपलं. सुमारे १२ हजार माजी लढवय्यांना सरकारनं पुनर्वसन छावण्यांत ठेवलं आणि २०१० मध्ये वावुनियात त्यांच्यातल्या ५३ जोडप्यांचं सामुदायिक लग्न लावलं. हिंदी सिनेमाचा एक नट त्या सोहळ्याला पाहुणा म्हणून हजर होता. काल ज्यांना संघटनेची परवानगी लागत होती, त्यांना आज लष्कराच्या छावणीतून परवानगी मिळाली.

नेपाळचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. १९९६ ते २००६ अशी दहा वर्षं तिथं माओवाद्यांचं युद्ध चाललं. पार्टीच्या छायेत ‘जनवादी विवाह’ झाले; माळा, लाल अबीर, झेंडा, शपथ. बाहुन म्हणजे ब्राह्मण मुलगा आणि दलित मुलगी, मगर जमातीची मुलगी आणि छेत्री म्हणजे क्षत्रिय मुलगा, अशी लग्नं, जी गावात झाली असती तर रक्तपात झाला असता. पण पार्टीच्याच नेत्या हिसिला यमी यांनी आपल्या संघटनेबद्दल स्पष्ट लिहून ठेवलं की तिथं अविवाहित बाईकडे संशयानं पाहिलं जातं, लग्नाचा आडून किंवा थेट दबाव येतो, आणि मूल झालं की बाईच मागं पडते. म्हणजे गडचिरोलीच्या दलमनं मूल होऊ दिलं नाही म्हणून बाईचं आयुष्य तिच्या हातून निसटलं, आणि नेपाळच्या पार्टीनं होऊ दिलं म्हणून.

युद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रांनी १९,६०२ लढवय्यांची नोंद पक्की केली, त्यांत ३,८४६ स्त्रिया होत्या. त्यांना छावण्यांत ठेवलं गेलं आणि ती वर्षं लांबत गेली. छावण्यांत मुलं जन्मली. शेवटी नेपाळी सैन्यात सामील झाले ते जेमतेम चौदाशे. बाकी बहुतेकांनी ५ ते ८ लाख नेपाळी रुपये घेऊन स्वेच्छानिवृत्ती पत्करली. कडेवर मूल असलेल्या बाईला सैन्यात जाण्याचा पर्याय कागदावर होता, पण त्या मुलाला सांभाळणार कोण? ती पैसे घेऊन नवऱ्याच्या गावी गेली. तिथं सासरच्यांनी जात विचारली. ज्या लग्नाला पार्टी साक्षीदार होती, त्या पार्टीचे नेते तोवर काठमांडूत मंत्री झाले होते. कित्येक जोडप्यांच्या हातात लग्नाचा धड कागदही नव्हता, आणि नेपाळात मुलाच्या नागरिकत्वाचं गाडं आई-बापाच्या कागदांपाशीच येऊन अडतं.

आणि कोलंबिया. फार्क या गनिमी संघटनेत जोडीदार करायला कमांडरची परवानगी लागायची, स्त्रियांना गर्भनिरोधकं सक्तीची होती, आणि दिवस गेलेच तर अनेकींचे गर्भ जबरदस्तीनं पाडले गेले. २०१६ मध्ये शांतता करार झाला आणि छावण्यांत एकामागून एक पाळणे हलू लागले. जगभरच्या छायाचित्रकारांनी ती बाळं टिपली. मला मात्र महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. २०१९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं, लहानपणी संघटनेत ओढल्या गेलेल्या आणि जबरदस्तीनं गर्भपात सोसलेल्या एका स्त्रीला युद्धाची पीडित म्हणून मान्यता दिली. ती स्वतः बंदूक घेतलेली होती, आणि तरीही पीडित. दोन्ही एकदम. पुढं २०२३ मध्ये शांतता करारातून उभ्या राहिलेल्या विशेष न्यायव्यवस्थेनं लैंगिक आणि प्रजननाशी संबंधित अत्याचारांचा वेगळा खटला उघडला, आणि संघटनेच्या आत आपल्याच साथीदारांवर झालेले अत्याचार त्यात घेतले.

आपल्याकडे हेच व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. दलममधली नसबंदी हा आपल्याकडे आजवर बातमीच्या तळाशी येणारा तपशील राहिला. तो गुन्हा म्हणून कुठं नोंदला जात नाही. शरण आलेल्या माणसाचा जबाब पोलीस घेतात. त्यात चकमकी, शस्त्रं, साठे, वरिष्ठांची नावं असतात. त्याच्या शरीरावर कुणी, कुठं, केव्हा, कोणत्या परिस्थितीत शस्त्रक्रिया केली, त्याला पर्याय होता का, त्याच्या जोडीदारणीला विचारलं होतं का, हेही त्याच जबाबाइतक्या गंभीरपणे, पण पोलिसांच्या नव्हे, डॉक्टर आणि समुपदेशकाच्या समोर नोंदलं गेलं पाहिजे.

नस पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रिया गडचिरोली आणि बस्तरच्या पोलिसांनी काही जणांसाठी करवून आणल्या आहेत, आणि त्यांतून घरात मूल आलेली जोडपीही आहेत. त्या प्रयत्नाला मी मनापासून चांगलं म्हणते. पण ही शस्त्रक्रिया नाजूक असते, सूक्ष्मदर्शकाखाली करावी लागते, आणि मूळ नसबंदीला जितकी वर्षं होऊन जातात तितकी यशाची शक्यता घटते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी नस कापलेल्या माणसाला ‘शस्त्रक्रिया झाली, आता मूल होईल’ असं सांगणं ही फसवणूक आहे. बाईचंही वय झालेलं असतं, जंगलातल्या कुपोषणानं आणि वारंवारच्या मलेरियानं तिचं शरीर झिजलेलं असतं. म्हणून एका शस्त्रक्रियेवर सरकारची जबाबदारी संपत नाही. वंध्यत्वाचे उपचार, लागले तर कृत्रिम गर्भधारणेचा खर्च, दत्तक घ्यायचं असेल तर त्यातली मदत, हे पुनर्वसनाच्या धोरणात हक्क म्हणून यायला हवं. अधिकाऱ्याच्या चांगुलपणावर ते सोडता कामा नये. अधिकारी बदलतात. चांगला गेला की त्याच्याबरोबर योजनाही जाते, हे गडचिरोलीनं पुष्कळदा पाहिलं आहे. आणि ज्यांना मूल नकोच आहे, त्यांना ते नको म्हणायचाही हक्क हवा. घरात पाळणा हलला म्हणजेच माणूस मुख्य प्रवाहात आला, असं मोजमाप कुणी लावू नये.

या बाबतीत सरकारनं पार्टीकडे बोट दाखवताना आपलाही इतिहास आठवावा. १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, इतकंच. गरिबाच्या शरीराबद्दलचा निर्णय त्याच्यापेक्षा आपल्याला चांगला कळतो, हा समज बंदूकवाल्यांनी शोधून काढलेला नाही.

आता सामुदायिक लग्नांबद्दल. शरण आलेल्या जोडप्यांची लग्नं पोलिसांच्या पुढाकारानं लावली जातात. छत्तीसगडमधल्या दंतेवाड्यात २०२१ मध्ये तर त्यासाठी १४ फेब्रुवारीचा, व्हॅलेंटाईन डेचा मुहूर्त निवडला गेला. हे करणाऱ्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. वर्षानुवर्षं खाकी वर्दीकडे शत्रू म्हणून पाहिलेल्या मुलीच्या डोक्यावर वर्दीतल्याच माणसांनी अक्षता टाकाव्यात, यात काहीतरी मनाला भिडणारं आहे हे मी नाकारू शकत नाही. तरीही मला तो मंच नको वाटतो, आणि त्याची कारणं भावनेची नाहीत.

पहिलं कारण सुरक्षेचं. शरण आलेल्यांना माओवाद्यांनी गावात गाठून मारल्याच्या घटना गडचिरोलीत घडल्या आहेत. अशा माणसाचा बाशिंग बांधलेला फोटो पहिल्या पानावर छापून आपण त्याला काय देतो? दुसरं, हे लग्न त्यांचं पहिलं लग्न नसतं. जंगलात त्यांनी एकमेकांना स्वीकारलेलं असतंच. सरकार ते नव्यानं लावतं तेव्हा आधीची दहा वर्षं जणू झालीच नाहीत असं होतं. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त खुपतं: मंत्र्यासंत्र्यांसमोर, कॅमेऱ्यांसमोर लागलेलं लग्न मोडणं फार अवघड असतं. उद्या त्या बाईला या माणसाबरोबर राहायचं नसेल, तर तिनं कुणाकडे जायचं? ज्या पोलीस दलानं तिचं लग्न लावलं, तिच्या घराची, शिवणयंत्राची, मासिक मदतीची सोय ज्यांच्या हातात आहे, त्यांच्याचकडे? दलममध्ये जोडीदार सोडायलाही पार्टीसमोर कारणं द्यावी लागत. बाहेर येऊन तिनं पुन्हा वर्दीसमोर कारणं द्यायची, याला मी पुनर्वसन म्हणणार नाही.

म्हणून मदतीची रक्कम तिच्या स्वतंत्र खात्यावर, घर दोघांच्या नावावर, आणि जोडपं वेगळं झालं तरी दोघांपैकी कुणाचीही मदत थांबणार नाही असं धोरणात लिहिलेलं, या तीन गोष्टी मला कुठल्याही सोहळ्यापेक्षा मोलाच्या वाटतात. दीड लाखाची ती जोडप्याची रक्कमही निम्मी-निम्मी थेट दोघांच्या खात्यांत जावी.

घराच्या आत काय होतं, त्याकडेही कुणी पाहत नाही. दलममध्ये तिनं पहारा दिला, नकाशे वाचले, तुकडी हाकली. बाहेर आल्यावर त्याला ड्रायव्हिंगचं प्रशिक्षण मिळतं, तिला शिवणाचं. तो कमावता होतो, ती चूल सांभाळते, आणि हळूहळू ‘आता तू साधी बाई आहेस’ हे तिला घरच शिकवतं. तेलंगणच्या १९४६ ते १९५१ च्या सशस्त्र लढ्यातल्या स्त्रियांनी म्हातारपणी दिलेल्या मुलाखतींत हीच सल होती. निजामाच्या राज्यातला तो लढा, आपला मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात. रानात फिरताना कुणी आपलं तान्हं बाळ दुसऱ्याच्या हवाली केलं, कुणी नवरा गमावला; आणि लढा मागं घेतल्यावर पक्षानं त्यांना सांगितलं की आता घरी जा, संसार करा. सत्तर वर्षांनी गडचिरोलीतल्या बायकांना सरकारनंही तेच सांगावं?

इथं एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढं जाणं मला जमणार नाही. ८ ऑक्टोबर २००९ रोजी गडचिरोलीतल्या लाहेरीजवळ माओवाद्यांच्या हल्ल्यात १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी, जांभुळखेड्याला सुरुंगाच्या स्फोटात १५ जवान गेले. त्यांच्यापैकी बहुतेक तरुण होते, कित्येक याच जिल्ह्यातले, आदिवासी. त्यांच्या विधवांचे संसार कोण परत देणार? खबरी म्हणून मारलेल्या गावकऱ्यांच्या मुलांना कुणी विचारायचं? मारणाऱ्यांच्या प्रेमाची एवढी काळजी कशाला?

या प्रश्नाचा राग खरा आहे आणि तो विचारण्याचा त्या घरांना पूर्ण अधिकार आहे. माझं उत्तर एवढंच, की गुन्ह्याची शिक्षा न्यायालयानं द्यावी आणि ती गुन्ह्याची असावी. ज्यानं खून केला त्याच्यावर खटला चालावा. आत्मसमर्पण म्हणजे माफी नव्हे. पण मूल होणं, जोडीदार असणं, घराचं दार आतून बंद करता येणं, या गोष्टी शिक्षा म्हणून काढून घेता येत नाहीत आणि बक्षीस म्हणून वाटताही येत नाहीत. आणि लाहेरीच्या विधवेच्या मनाचा विचार करायचा असेल, तर तो मंच, ते बॅनर, ती बँडबाज्याची मिरवणूक हेच आधी बंद करा. तिच्या नवऱ्याच्या मारेकऱ्यांतला एखादा कदाचित त्या बोहल्यावर उभा असेल, या शंकेनं तिनं सकाळचं वर्तमानपत्र उघडावं, हे तिच्यावर लादायचा अधिकार कुणाला आहे? खासगी गोष्ट खासगी राहिली तर तिच्याही जखमेवर मीठ पडत नाही.

आता हा प्रश्न मूठभरांचा उरलेला नाही. २००५ मध्ये महाराष्ट्रानं आत्मसमर्पण योजना आणली, तेव्हापासून एकट्या गडचिरोलीत सातशेहून अधिक जण परतले आहेत. १ जानेवारी २०२५ ला विमला सिडाम ऊर्फ तारक्का मुख्यमंत्र्यांसमोर शरण आल्या. चार दशकं जंगलात काढलेली, याच जिल्ह्यातली बाई. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला त्यांचे पती, माओवाद्यांच्या वरिष्ठ नेत्यांपैकी एक असलेले भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव, साठ साथीदारांसह गडचिरोलीतच आले. त्या दोघांत कोण कुणासाठी आलं याच्या चर्चा तेव्हा पुष्कळ रंगल्या. त्या चर्चा करणं आपलं काम नाही. ती दोघं पन्नाशी-साठी ओलांडलेली, नावाजलेली माणसं. त्यांच्या दाराशी पत्रकार येतील. पण त्यांच्यामागून येणारी पंचविशी-तिशीतली जोडपी कुणाला माहीत नाहीत, आणि ज्या दिवशी सुरक्षेचा आणि बातमीचा विषय संपेल त्या दिवशी ती सगळ्यांच्या डोळ्यांआड जातील.

कायद्याची अडचणही खरी आहे. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही, त्यांची लग्नं रूढीनं मान्य होतात. दलममधलं लग्न ना रूढीनं झालेलं, ना कायद्यानं. विशेष विवाह कायद्याची वाट धरावी, तर ३० दिवस आधी नोटीस, आणि ती नोंदणी कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावलेली. ज्यांच्या जिवावर जुने साथीदार उठू शकतात, त्यांनी आपलं नाव-गाव महिनाभर भिंतीवर चिकटवायचं! अशा जोडप्यांसाठी ही जाहीर नोटीस माफ करणारी तरतूद हवी. तोवर ग्रामसभेनं आणि पंचांनी पुढं होऊन त्यांच्या रीतीनं हे नातं मान्य करणं हाच मला सगळ्यात साधा मार्ग वाटतो. काही गावांना ते जड जाईल, कारण त्या गावांतही दलमनं मारलेल्यांची घरं आहेत. तिथं घाई करू नये. गावाला वेळ लागेल तेवढा द्यावा, आणि तोवर त्या दोघांनी कुठं राहायचं हे ठरवण्याचा हक्क त्यांनाच असावा.

ग्रामपंचायतीत विवाह नोंदणीचा अर्ज मिळतो. त्यात लग्नाचा दिनांक आणि ठिकाण लिहायचं असतं, साक्षीदारांची नावं, लग्न लावणाऱ्याची सही. दलममध्ये लग्न झालेल्या जोडप्याला तो दिवस आठवतो तो तेंदूपत्त्याच्या हंगामावरून, नाहीतर मोहाच्या फुलांवरून. ठिकाण म्हणजे एटापल्ली आणि भामरागडच्या मधलं कुठलंतरी नाल्याकाठचं रान. साक्षीदारांपैकी दोघं चकमकीत गेले, एक तुरुंगात आहे, एक अजून आत. सामुदायिक सोहळ्याच्या मंचावरची तारीख त्या रकान्यात लिहिणं ग्रामसेवकाला सोपं आहे. पण त्या दोघांनी मोहाच्या दिवसांतली तारीख सांगितली, तर ग्रामसेवकानं तीच लिहून घ्यावी.